पेरलं तसं उगवलं नाही

गावात तिला सगळे बीवाली म्हणत. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव तिलाही असणारच, पण ते आता तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवलं नसतं. आठवलं असतं तरी तो बोलला नसता. त्याला गाव हंराव म्हणायचं. पाऊस येतोय म्हणून सांगा की घराला आग लागलीय म्हणून सांगा, तो 'हं' म्हणायचा आणि बसल्या जागी बसून राहायचा. लग्नानंतर वर्षभर बीवालीला वाटलं, नवरा लाजतोय. मग कळलं की लाजबीज काही नाही, भांडवलच एवढं आहे आणि संसार त्याच्यावरच करायचा आहे.

तिनं तो केला, आणि तोंडाचं काम दोघांच्या वाटणीचं केलं. तिच्या जिभेला धार होती. पण गावातल्या बायका ते ऐकून घेत, कारण पेरणीच्या आधी प्रत्येकीला टोपली घेऊन तिच्याच दारात यावं लागे.

मक्याची काढणी झाली, अंगणात कणसांचा ढीग पडला की ती मधे फतकल मारून बसायची. एकेक कणीस सोलून उलटंपालटं करायची, दाण्यांच्या ओळी सरळ आहेत का बघायची, मग मधला एक दाणा काढून दाताखाली धरायची. कट् वाजला तर कणीस बियाणाला. नुसताच दबला तर ते खायच्या ढिगात. निवडलेल्या कणसांची सालं मागं ओढून ती जुड्या बांधायची आणि चुलीच्या वर आढ्याला टांगायची, म्हणजे वर्षभर धूर लागतो आणि किडा फिरकत नाही. हे सगळं तिला सासूनं शिकवलं होतं, आणि शिकवताना बोटांवर फटकेही दिले होते.

बी विकायचं नाही, अशी तिथली रीत होती. ज्या घरी कमी असेल तिथल्या बाईनं टोपली आणावी, मापभर बी न्यावं आणि काढणीनंतर मापभर परत करून वर एक मूठ घालावी. वरची मूठ बीवालीची. पुरुषांनी नांगर धरावा, बाजार करावा, बांधावरून भांडावं, पण बियाणाच्या जुड्यांना हात लावू नये. तो बायकांचा कारभार. पुरुषांनाही ते सोयीचंच होतं, कारण काम बायकांवर पडत होतं.

त्या जुन्या मक्याचं कणीस बुटकं असायचं. दाणा पिवळा, आणि दाणे काढल्यावर आत जो गाभा उरतो तो विटेसारखा लाल. दुसऱ्या कुठल्या मक्याचा गाभा तसा लाल नव्हता. अंगणात पडलेला गाभा बघून कुणीही सांगावं की हे बीवालीकडचं बी. पीक काही धो धो यायचं नाही, पण पाऊस थोडा मागंपुढं झाला तरी ते यायचं. आणि त्या कणसानं कधी कुणाला दुकानाचा रस्ता विचारायला लावलं नाही.

घराची जमीन म्हणाल तर तुकड्याचा तुकडा. आजेसासऱ्यांची चांगली मोठी होती म्हणे. ती त्यांच्या मुलांत वाटली, मग सासऱ्यांचा वाटा हंराव आणि त्याचा धाकटा भाऊ यांच्यात वाटला. वरचं शेत अर्धं अर्धं, खालचं शेत अर्धं अर्धं. विहीर खालच्या शेतात, धाकट्याच्या बाजूला. पाणी दोघांनी वापरायचं. अशा जमिनीवर एखादं वर्ष बसलं तर उठायला हाताशी काही नसतं. हंरावच्या बहिणीला तर काहीच मिळालं नाही. मुलीला कसली जमीन, असं सासरे म्हणाले आणि विषय संपला. ती डोंगरापलीकडे दिलेली, तिचा नवरा दुसऱ्याचं खडकाळ रान वाट्यानं कसणारा. सासूला ते कुठंतरी डाचलं असावं. मरताना तिनं बीवालीचा हात धरून सांगितलं, "जमीन नाही दिली पोरीला. निदान बियाणाची टोपली तरी दर वर्षी जाऊ दे."

ती टोपली बीवालीनं कधी चुकवली नाही. खरं तर नणंदेचं आणि तिचं विशेष पटायचं नाही. नणंद स्वतःच्या डोक्यानं चालणारी. बीवालीनं पूर्व म्हणावं आणि नणंदेनं पश्चिमेला निघावं, असा दोघींचा हिशोब. पण टोपली जायची.

मग एका वर्षी दिरानं बाजारातून बियाणाची चकचकीत पिशवी आणली. वर टंच कणसाचं चित्र. बाजारपेठेतल्या दुकानदारानं देवळापुढच्या पारावर सभा घेतली होती, पुरुषांना चहा पाजला होता आणि ही पिशवी कशी आहे ते समजावून सांगितलं होतं. बायका त्या वेळी शेतात होत्या. दिरानं हौसेनं वरचं दोघांचं सगळं शेत त्या बियाणानं पेरलं, आणि पीक असं आलं की बघणाऱ्याचे डोळे दिपावे. कणीस हातभर लांब, दाणा दातासारखा भरलेला, एकही ओळ वाकडी नाही.

बीवालीनं त्यातला दाणा दाताखाली धरला. कट् वाजला. इतका खणखणीत तिनं जन्मात ऐकला नव्हता.

ती हुरळली. आता कुणी म्हणेल, हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. म्हणणाऱ्यांनी म्हणावं. पण जिनं आयुष्यभर चांगल्यातलं चांगलं निवडण्याचंच काम केलं, तिच्यापुढे असला ढीग आला तर तिनं दुसरं काय करायचं? तिनं त्या ढिगातली उत्तमातली उत्तम कणसं निवडली. आढ्याला जागा पुरेना, म्हणून जुन्या जुड्या खाली काढल्या. लाल गाभ्याचे दाणे दळून आणले आणि घराचं छप्पर शाकारायला आलेल्या माणसांना जेवू घातलं. पेरणीच्या वेळी सगळं गाव टोपल्या घेऊन दारात. त्या दिवसांत ती अंगणात अशी वावरत होती की जणू पाऊसही तीच पाडणार आहे. बी एवढं वाटलं, एवढं वाटलं, की नणंदेची टोपली त्या वर्षी पहिल्यांदाच राहिली. 'यंदा तुमच्याकडचंच जुनं पेरा,' असा निरोप तिनं पाठवला.

रोपं गुडघ्याएवढी झाली तेव्हा शेत हिरवंगार होतं. बीवालीला नणंदेच्या टोपलीची टोचणी लागून राहिली होती. डोंगरापलीकडे जाणारा कुंभार वाटेत भेटला तेव्हा तिनं दुसरा निरोप धाडला: "वन्संना सांगा, नवं बी सोन्यासारखं येतंय. यंदाची जुनी कणसं सगळी खुशाल खा, एकही टांगून ठेवू नका. पुढच्या पेरणीला मी स्वतः नवं बी घेऊन येते."

आणि त्यानंतर शेत बिघडायला लागलं.

आधी तिला वाटलं, नजरेचा दोष. एक ताट डोक्याच्या वर गेलेलं, शेजारचं कमरेला अडकलेलं, त्याच्या शेजारचं वाळक्या काडीसारखं. कुठं तुरा येऊन झडून गेला तरी कणसाला केस फुटायचा पत्ता नाही. कुठं केस आले तर त्यांच्यावर पडायला तुऱ्यात पराग उरलेले नाहीत. कणसं धरली ती बोटाएवढी, आणि सोलून पाहावं तर म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखी, इकडे दोन दाणे, तिकडे तीन, मधे नुसतं रिकामं. पाऊस वेळेवर झाला होता. खत नेहमीचं होतं. बी तिनं स्वतःच्या हातांनी निवडलं होतं. पेराल तसं उगवेल म्हणतात. आईनं म्हटलं होतं, सासूनं म्हटलं होतं, तिनं स्वतः शंभरदा म्हटलं होतं. आणि तिच्या डोळ्यांपुढे शेतभर खोटं उगवलं होतं. ती बांधावर उभी राहिली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून बघत गेली. दुष्काळ तिनं पाहिला होता, टोळ पाहिले होते, पण असलं काही पाहिलं नव्हतं.

गावात सगळ्यांच्या शेतात तेच. बायका येऊन बघून गेल्या. कुणी भांडलं नाही. एखादी कडाकडा बोलली असती तर बीवालीनं चार शब्द परत केले असते आणि दोघींना बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या उभ्या राहायच्या, तिच्या शेताकडे बघायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि जायच्या. काढणीनंतर माप परत करायला कुणी आलं नाही. आणणार काय?

शेवटी ती एकटीच चालत बाजारपेठेत गेली. पदरात चार बोळकी कणसं. दुकानदारानं ती काउंटरवर ठेवून घेतली, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता.

"काकू, हे पिकातलं बी पेरलंत तुम्ही?"

"मग? चांगलं निवडून पेरलं."

"अहो, हे बी एकदाच पेरायचं. त्याच्या पिकातलं पेरलं की असंच होतं, एकासारखं एक येत नाही. दर वर्षी नवी पिशवी घ्यायची. मी सभेत सांगितलं होतं की."

"कुणाला?"

"सगळ्या गावाला. तुमचे मालक तर पुढंच बसले होते. मी विचारलं, कळलं का? ते म्हणाले, हं."

बीवाली उठली. दुकानातून घरापर्यंतचा रस्ता तिला नंतर कधीच आठवला नाही. हंराव अंगणात दोरखंड वळत बसला होता.

"अहो, त्या सभेत दुकानदारानं सांगितलं होतं, हे बी एकदाच पेरायचं म्हणून?"

"हं."

"सांगितलं होतं?"

"हं."

"मग मला का नाही बोललात?"

हंरावनं दोरखंड खाली ठेवलं. मग तो आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलला. "मला वाटलं, माल खपवायला बोलतोय. दुकानदारच तो. आणि बियाणातलं तुला कळतं, मी काय सांगणार?"

तिनं दिराला विचारलं. त्यालाही ठाऊक होतं. शेजारच्या सुताराला ठाऊक होतं, पलीकडच्या गवळ्याला ठाऊक होतं. गावातला एकूण एक पुरुष पारावर चहा पिऊन हे ऐकून आला होता आणि एकानंही घरी तोंड उघडलं नव्हतं. त्यांच्याच बायका टोपल्या भरून नेत होत्या तेव्हा हे बाप्ये दारात उभे राहून बघत होते. कुणाला वाटलं दुकानदार थापा मारतोय, कुणाला वाटलं फुकट मिळतंय तर नको कशाला म्हणा, आणि बहुतेकांना काहीच वाटलं नाही. बियाणाचं बायका बघतात. सभेला पुरुष जातात. ह्या दोन ओळींच्या मधे अख्ख्या गावाचं वर्ष बुडालं. संताप तर येतोच, पण त्याहून जास्त, माणूस सुन्न होतो.

पिशवी पुन्हा विकत घ्यावी म्हटलं तर ती एकटी येत नाही. तिच्या मागून खताची गोणी येते, तिच्या मागून फवारणीचं औषध येतं. तेवढं बळ कुणाच्या घरात होतं? दिराच्या तर नव्हतंच. त्याच्या बायकोनं कपड्यांचं बोचकं बांधायला घेतलं होतं. शहरात वीटभट्टीवर दोघांनाही काम मिळत होतं. दीर बीवालीसमोर येऊन खाली बघत म्हणाला, "वहिनी, खालचं माझं अर्धं शेत दुकानदार घ्यायला तयार आहे. पेरायलाच काही नाही, तर ठेवून काय करू?"

"आणि विहीर?"

"ती माझ्या अर्ध्यातच आहे."

विहीर गेली की ह्यांचं उरलेलं अर्धंही गेल्यातच जमा. हे त्यालाही कळत होतं, म्हणून तर मान वर होत नव्हती.

"जुनं बी आणलं तर?" बीवालीनं विचारलं. "लाल गाभ्याचं. एक टोपलीभर. तेवढ्यावर दोघांचं खालचं शेत पेरून होतं, आणि पुढच्या वर्षी गावाला पुरतं."

"आणा, वहिनी. आणलंत तर जात नाही. पण पेरणीच्या आधी आणा."

ते बी आता जगात एकाच घरी असणार होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं टोपली घेतली, आत झाकायला कापडाची घडी टाकली आणि डोंगराची वाट धरली.

चढताना तिला दुसऱ्या निरोपाची आठवण पहिल्या पावलापासून होती. एकही टांगून ठेवू नका. हे तिचेच शब्द. पीक बिघडल्यावर तिसरा निरोप धाडायला हवा होता. कुंभार नंतरही वाटेनं गेला होता, पण तिनं त्याला पाहून तोंड फिरवलं होतं. नणंदेला कुठल्या तोंडानं सांगायचं, की मी चुकले? सांगू सांगू म्हणत राहून गेलं. आता ती स्वतःची समजूत घालत होती. वन्संनी जन्मात कधी माझं ऐकलंय? पोराला अमुक मुळी उगाळून द्या म्हटलं, दिली नाही. शेळी विकू नका म्हटलं, विकली. मी दळून खा म्हटलं म्हणजे मुद्दाम टांगून ठेवलं असेल. ह्या विचारानं तिला चक्क हसू आलं. नणंदेच्या हट्टीपणाचा इतका आधार तिला कधी वाटला नव्हता.

नणंद अंगणात लाकडं फोडत होती. तिनं डोंगरावरून उतरणारी वहिनी पाहिली, वहिनीच्या डोक्यावरची टोपली पाहिली, आणि कुऱ्हाड टाकून ती धावतच आली.

"आणलंस? मी ह्यांना म्हटलंच होतं, गेल्या वर्षी राहिली असेल टोपली, पण वहिनी चुकायची नाही."

बोलता बोलता तिनं बीवालीच्या डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी उचलून घेतली. जड असेल म्हणून जोर लावला होता, त्यामुळे टोपली एकदम वर गेली आणि ती मागच्या मागे झोकांडली. आतली घडी खाली पडली.

"हे काय गं? बी पदरात बांधून आणलंस की काय?"

बीवाली नणंदेला ओलांडून सरळ घरात गेली. एकच खोली, कोपऱ्यात चूल. चुलीच्या वर काजळीनं काळा झालेला वासा, आणि वाशाला रिकाम्या सुतळ्या लोंबत होत्या.

"वन्सं, कणसं कुठंयत?"

"कुठं असणार? खाल्ली," नणंद मागून येत म्हणाली. "तूच तर निरोप धाडलास. आधी हे म्हणाले, थोडी ठेवू या. मीच म्हटलं, नको. मी वहिनीचं एक ऐकत नाही म्हणून सगळे मला बोलतात, पण बियाणातलं तिला कळतं. तिनं सांगितलं म्हणजे विचार करूनच सांगितलं असणार. सगळं दळून आणलं, वहिनी. यंदा पहिल्यांदा पोरं दोन वेळ पोटभर जेवली. बियाणाचं बाजूला काढायचं नव्हतं ना. रोज तुझं नाव काढत होतो."

बीवाली चुलीपुढे बसली. मग तिनं सगळं सांगितलं. दुकान, सभा, हंरावचा हं, दीर, विहीर. काही राखून ठेवलं नाही. कुंभाराला पाहून तोंड फिरवलं, तेही सांगितलं.

नणंद एकाएकी उठली आणि शोधायला लागली. मडकी उपडी केली. पिठाचा डबा झटकला. जात्याच्या खाचेत नखं घालून उकरलं. बाजेखालचा केर हातानं गोळा करून उजेडात धरला. त्यात एक दाणा निघाला, अर्धा, उंदरानं कुरतडलेला. तो तिनं वहिनीच्या तळहातावर ठेवला.

"आमचं पेरायचं तर तू आणणार म्हणून बसलो होतो," ती म्हणाली. "आता काय पेरायचं, वहिनी?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाला उत्तर द्यायला गाव तिच्या दारात यायचं, तोच प्रश्न होता. बीवालीनं नजर दुसरीकडे वळवली, तर चुलीशेजारच्या कोनाड्यात रॉकेलची बाटली होती. बाटलीच्या तोंडाला बूच म्हणून काहीतरी खुपसलेलं होतं. ते लाल होतं, विटेसारखं.

तिनं ते हळूच ओढून काढलं. एकही दाणा नसलेला गाभा, ओळींच्या जागी नुसत्या सरळ रांगेतल्या खाचा. किती सरळ ओळी होत्या, तिच्या मनात आलं. नणंद बघत होती. बीवालीनं तो गाभा सवयीनं उचलला आणि दाताखाली धरला. तो कट् वाजला नाही, नुसता दबला, आणि तिच्या तोंडात रॉकेलची चव पसरली.